जिनपालच्या अंगणातली जास्वंद

जिनपाल शेटे हा माझा शेजारी. आष्ट्यात आमच्या दोघांच्या घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे, आणि मी फौजेतून सुटून इथं राहायला आलो तेव्हापासून त्या भिंतीवरून आम्ही भांडतो आहोत. मी मूळचा कोरेगावकडचा. आष्टा हे माझ्या बायकोचं, शालूबाईचं माहेर. तिच्या हट्टानं इथं घर बांधलं, म्हणून जिनपालच्या लेखी मी अजून घरजावई. तो जैन, मी मराठा. तो दिवस मावळायच्या आत जेवून हात धुतो. रविवारी आमच्या चुलीवर जे शिजतं त्याचा वास भिंतीपलीकडं गेला की मुकाट्यानं खिडकी लावून घेतो. त्याबद्दल तो एका शब्दानं कधी बोललेला नाही. बाकी कशावरही बोलतो, आणि नको इतकं बोलतो.

असल्या माणसाविषयी भुताखेतासारखं काही लिहायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं. खरं म्हणजे यात भूत नाहीच. भूत असतं तर बरं झालं असतं. आमच्या कोरेगावकडं भुताला काय करायचं ते सगळ्यांना माहीत आहे.

जास्वंद कस्तुरीवहिनींची. जिनपालची बायको. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरच्या, सीमेपलीकडं कानडी मुलखातल्या सदलग्याच्या अंगणातली एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या होत्या. दुधी रंगाचं फूल, आत मधोमध डाळिंबी डाग, आणि ताटलीएवढा आकार. मी फौजेच्या नोकरीत निम्मा देश हिंडलोय, तसल्या रंगाची जास्वंद मला कुठं दिसली नाही. वाढून वाढून तिचं झुडूप माझ्या भिंतीच्या वर आलं. चार फांद्या माझ्या बाजूला झुकायच्या, त्यांची फुलं शालूबाई गणपतीला घालायची. त्यावरून वहिनी कधी बोलल्या नाहीत. फक्त म्हणायच्या, "कळ्या तेवढ्या तोडू नका हं बाई, उमलल्यालं घ्या."

झाडाचं त्यांचं सगळं शास्त्र वेगळं होतं. विहिरीचं पाणी दुपदरी फडक्यातून गाळायचं, हे त्यांच्यात प्यायच्या पाण्याला असतंच. वहिनी झाडालाही गाळलेलंच पाणी घालायच्या. फडक्यात जे बारीक जीव अडकतात ते हलक्या हातानं धुऊन परत त्याच विहिरीत सोडायचे. चातुर्मासात कात्री लावायची नाही. छाटणी माघात, तीही अष्टमी-चतुर्दशी सोडून. शेण कुजवून घालायच्या, चहाचा चोथा घालायच्या, आणि बुंध्याजवळची माती खुरप्यानं न उकरता बोटांनी मोकळी करायच्या, कारण खुरप्यानं गांडूळ तुटतं.

आणि किडीचं शास्त्र तर विचारू नका. जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागतो. पांढरा, कापसासारखा, शेंड्यात आणि कळ्यांच्या देठाशी चिकटून रस शोषतो. कुणीही शहाणा माणूस औषध फवारतो. वहिनी काय करायच्या, तर किडीचे शेंडे हळूच कापून, सुपात घेऊन, मागच्या बांधावरच्या रानभेंडीवर नेऊन ठेवायच्या. म्हणजे किडा उपाशी मरू नये. मी भिंतीवरून म्हणायचो, "वैनी, बदलीवर धाडलं काय ह्यांना? भत्ता बी द्या." त्या हसायच्या. बांधावरून मुंग्या ते किडे पुन्हा उचलून झाडावर आणायच्या, आणि वहिनी पुन्हा सूप घेऊन निघायच्या. हा खेळ वर्षानुवर्षं चालला, आणि नवल म्हणजे झाडही जगलं आणि किडेही जगले.

यात एक गंमत होती. त्यांच्याच उसावर त्यांचा मुलगा आर्जव दर हंगामात औषध मारतो. अलीकडं तर ड्रोनवाल्याला बोलावतो. मी एकदा वहिनींना ते बोललो. त्या म्हणाल्या, "रानातलं रानात. ते पोटासाठी हाय. अंगणात कशापायी मारायचं?" यावर मला काही सुचलं नाही, आणि मला काही सुचलं नाही की मी चिडतो.

परवाच्या फाल्गुनात वहिनी गेल्या. हृदय थकलं होतं. सांगलीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हाच सगळे काय ते समजले. पुढच्या सोप्यात खिडकीशी खाट टाकली. त्यांच्यात जाणाऱ्या माणसाच्या कानात णमोकार मंत्र म्हणत राहतात, म्हणजे शेवटचा श्वास त्या मंत्रावर जावा. सगळं घर म्हणत होतं. मी आणि शालूबाई दाराशी उभे होतो. वहिनींनी डोळे उघडले, खिडकीतून बाहेर बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "कळ्या का गळायल्यात?" मग गेल्या.

मला ते चांगलंच वाटलं. बाई आपल्या झाडाकडं बघत गेली, याहून सुखाचं मरण कुठलं? जिनपालचा चेहरा मात्र मी तेव्हा बघितला होता. बायको गेल्याचं दुःख त्यावर होतंच, त्याशिवाय आणखी काहीतरी होतं. आपलं माणूस चुकीच्या गाडीत बसलं आणि गाडी हलली, असं बघणाऱ्याचा तो चेहरा होता.

सुतक फिटलं, दिवस सरले. जास्वंदीवर खरंच कीड पडली होती, म्हणूनच कळ्या गळत होत्या. आता सूप घेऊन बांधावर जाणारं कुणी नव्हतं. चैत्र निघाला तेव्हा शेंडे आवळून आले, पानं गोळा झाली, आणि खोडापर्यंत पांढरा थर चढला. जिनपाल रोज सकाळी पाणी गाळून घालायचा आणि मग झाडापुढं लाकडी पाटावर बसायचा. दुपार झाली तरी तिथंच. एक फांदी कापत नव्हता, की एक किडा हलवत नव्हता. बायको सूप तरी घेऊन जायची, हा तेवढंही करेना. नुसता बघायचा.

मी आधी थट्टेनं सांगितलं, मग नीट सांगितलं, मग ओरडून सांगितलं. "जिनपाल, झाड मरायलंय. तुझ्या बायकोचं झाड हाय. औषध मारायचं नसंल तर न्हाई, साबणाचं पाणी तरी मार."

"मारायचं कसं, ज्ञानू," तो म्हणाला. "ती कशात हाय ते ठावं न्हाई."

मला कळलंच नाही. मी भिंतीला वळसा घालून त्याच्या अंगणात गेलो आणि त्याच्याशेजारी बसलो. तेव्हा त्यानं झाडाकडंच बघत, आवाज न चढवता, सगळं सांगितलं.

"तुमच्यात भुतं असत्यात. आमच्यात न्हाईत. आत्मा थांबत न्हाई गड्या, लगीच दुसरं शरीर घेतो. म्हणून तर शेवटच्या घटकेला मंत्र लागतो. जीव जिथं गुंतला तिथं जातो. चातुर्मासात महाराज आलं व्हतं, त्येनी गोष्ट सांगितली व्हती. एकाचा जीव मरताना समोरच्या फळात गुंतला, तर त्याच फळात अळी हून जन्मला. कस्तुरी माझ्या शेजारी बसून ऐकत व्हती ती गोष्ट."

"मग?"

"तिच्या कानात मंत्र व्हता, पण मन कळ्यांत व्हतं. तू ऐकलंस की. मग ती गेली कुठं? झाडात गेली आसंल तर हे किडं तिला खायलेत. आणि किड्यात गेली आसंल..." एका शेंड्यावर पांढरे जीव सावकाश सरकत होते. "मग औषध कुणावर मारू?"

मी त्याला म्हटलं, हा शुद्ध वेडेपणा आहे. म्हटलं, असला किडा महिनाभर जगतो, वहिनी एव्हाना तिथून पुढं गेल्या असतील. तो म्हणाला, गुंता सुटला नसेल तर पुन्हा तिथंच जन्मायचं, पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, बस्तीतल्या, म्हणजे तुमच्या देवळातल्या, उपाध्यांना विचार. त्यानं विचारलं होतं. उपाध्ये चांगले गृहस्थ. ते म्हणाले होते की कोण कुठं गेलं हे सगळं जाणणाऱ्या केवळज्ञान्यालाच कळतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

"म्हंजे न्हाई असं बी ते म्हणालं न्हाईत," जिनपाल म्हणाला.

मी उठून घरी आलो. माझ्या सदऱ्याच्या बाहीवर एक किडा आला होता. चिरडायला बोट उचललं आणि तसंच राहिलं. मी हवालदार माणूस, सीमेवर काय काय करून आलेला, आणि एका पांढऱ्या टिपक्यापुढं उभा. शेवटी भिंतीपाशी जाऊन बाही झाडाला लावली आणि तो उतरेपर्यंत थांबलो. शालूबाई चुलीपासून विचारत होती, काय करायलाय म्हणून. मला माझाच राग आला होता.

त्या दिवसापासून ते झाड मला बघवेना आणि त्याच्याकडं पाठ करूनही बसवेना. माझ्या बाजूला झुकलेल्या फांद्यांवर कीड चढली तेव्हा शालूबाई म्हणाली, आपल्या हद्दीतल्या तेवढ्या कापून टाका. मी कात्री घेऊन गेलो. पानांच्या बेचक्यात किडे दाटीनं बसले होते, आणि आपल्याकडं कुणीतरी बघतंय असं मला वाटत राहिलं. ताटलीएवढ्या फुलाच्या जागी सुकलेल्या कळ्या लोंबत होत्या. वारा नसताना त्यातली एखादी टप्प करून फरशीवर पडायची. तिकडं पाटावर बसलेला जिनपाल तेवढ्यापुरती मान वर करायचा. मी कात्री परत नेऊन ठेवली.

वैशाखात जिनपालचं जेवण तुटत आलं. आर्जव मला गल्लीच्या तोंडाशी भेटला. तिशीतला, सरळ पोरगा, बोलायला बापाच्या उलट. म्हणाला, "काका, अण्णा असंच बसून ऱ्हायलं तर दोघं बी जात्याल. झाड बी आणि अण्णा बी." मी विचारलं, तुला काय वाटतं, तुझी आई कशात आहे? त्याला बापाचं सगळं माहीत होतं. तो म्हणाला, "मला तर ती झाडातच दिसती. किड्यात कशी आसंल? ती माझी आई हाय."

मग एकदा जिनपाल पूजेसाठी बाहुबलीच्या डोंगरावर गेला. त्याला नातेवाइकांनी जवळजवळ ओढूनच नेलं होतं. दुपारी भिंतीपलीकडून पंपाच्या दांड्याचा आवाज यायला लागला. मी उठून बघितलं. आर्जवनं पाठीला फवारणीचा पंप अडकवला होता, तोंडाला आणि कानांना टॉवेल गुंडाळला होता, आणि शेतकऱ्याच्या हातानं, एकेक पान उलटं करून, खालून वर फवारत होता. माझ्याकडं त्याचं लक्ष गेलं नाही. खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरं वाटलं. कुणीतरी एकदाचं काहीतरी करतंय. मग फांद्यांवरून पांढरं पाणी ओघळायला लागलं, मुंग्या सैरावैरा खोडावरून उतरायला लागल्या, फरशीवर पिठासारखा सडा पडला. तो बघून मी आत गेलो आणि पंखा लावून पडलो. पंपाचा आवाज पंख्यातूनही येत होता.

जिनपाल दिवस मावळायच्या आत परतला. फाटकातच त्याला वास आला असणार, कारण तो तिथंच थांबला. मी भिंतीशी होतो. आर्जव पंप धूत होता, तो उभा राहिला. मला वाटलं आता बाप-लेकाची जुंपणार, मध्ये पडायला लागणार. जिनपाल झाडाजवळ गेला. खाली वाकून फरशीवरचा सडा बघितला. हात लावला नाही. मग अंगावरच्या कपड्यांनिशी विहिरीवर गेला आणि डोक्यावरून पाणी ओतून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो बस्तीत गेला नाही. त्याच्या पुढच्याही दिवशी नाही. देवाला, पूजेच्या भांड्यांना हात लावेना. बाजूला चटई टाकून एकटाच बसायचा. आर्जव भिंतीशी येऊन खालच्या मानेनं म्हणाला, "काका, अण्णा सुतक पाळायलेत."

मी तावातावानं गेलो. एका बायकोचं सुतक माणूस किती वेळा पाळणार, असं तोंडावर विचारायचं ठरवून गेलो होतो. दारात चपला काढल्या आणि आत बघितलं. चटईवर दाढी वाढलेला माणूस बसला होता, त्याच्याकडं या वेळी कुणी आलेलं नव्हतं. गावात कुणाला ठाऊकच नव्हतं की त्याच्या घरात कुणी गेलंय. मी चटईच्या कडेला टेकलो. निघताना तोंडावर आलेलं ‘येतो’ गिळलं, कारण दुखवट्याच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत. तो माझ्याकडं बघत होता. त्याला ते कळलं. मग सुतक फिटेपर्यंत मी रोज जाऊन बसलो.

झाड मात्र चेकाळल्यासारखं फुटलं. आषाढात प्रत्येक डोळ्यातून कोवळी, चकचकीत पालवी आली. कळ्या धरल्या, आणि त्या गळेनात. जिनपाल पाणी गाळून घालत होता, माती बोटांनी मोकळी करत होता, जेवतही होता. त्या दुपारबद्दल त्यानं पोराला अवाक्षर विचारलं नव्हतं. घरात बोलणं चालू होतं, पण उसाबद्दल, विजेबद्दल, पाहुण्यांबद्दल. आर्जव मला म्हणाला होता, "शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

श्रावणात पहिलं फूल उमललं. जिनपालनं मला भिंतीवरून हाक मारली. "ये रं ज्ञानू, बघून जा." मी गेलो. दुधी पाकळ्या, मधे डाळिंबी डाग. तसंच, पूर्वी होतं तसंच. आर्जव रानातून नुकताच आला होता, तोही येऊन उभा राहिला. तिघं फुलाकडं बघत होतो. मला वाटलं, सुटलो. झाडात होत्या तर वहिनी वाचल्या, आता हा माणूसही वाचेल.

तेवढ्यात जिनपालनं फुलावरची नजर न काढता विचारलं, "आर्जव, त्या दिवशी फवारताना णमोकार म्हटलास काय?"

मला त्या प्रश्नाची सगळी खोली कळायला क्षण लागला. कस्तुरीवहिनी किड्यात असतील, तर त्या दुपारी त्यांचं दुसऱ्यांदा मरण झालं. आणि पहिल्या वेळी जे हुकलं होतं, ते या वेळी त्यांच्या कानावर पडलं का, एवढंच त्या माणसाला इतके दिवस जाणून घ्यायचं होतं. विचारायचं धाडस होत नव्हतं.

"म्हटला की अण्णा," आर्जव म्हणाला.

"मोठ्यांदा?"

"व्हय. ऐकू जाईल असा."

"सगळा? शेवटपत्तोर?"

"सगळा. पंप संपूस्तोवर म्हणत व्हतो."

जिनपाल पाटावर बसला आणि रडला. वहिनी गेल्या तेव्हा तो रडला नव्हता. आता लहान पोरासारखा, नाक ओढत, हमसून हमसून रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "मग गेली ती. चांगल्या ठिकाणी गेली." आत गेला, भिंतीकडं तोंड करून आडवा झाला, आणि भरदिवसा त्याचं घोरणं अंगणात ऐकू यायला लागलं. फाल्गुनापासून तो माणूस नीट झोपला नव्हता.

आर्जव मला फाटकापर्यंत सोडायला आला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "शाब्बास. लय मोठं काम केलंस पोरा."

तो फाटकाची कडी धरून उभा राहिला.

"काका, म्हटला न्हवता," तो म्हणाला. "टावेलाच्या आत कानात मोबाईलची वायर व्हती माझ्या. गाणी चालू व्हती."

जे तोंडात आलं ते बोललो. "मग आता म्हण. रोज म्हण झाडापुढं."

"आता कुणाला ऐकू जाणाराय, काका?"